पुढचा माणूस

भोंगा

भोंगा वाजला आणि सगळे निघाले. हातमोजे काढत, माना मोडत, एकमेकांना कोपर मारत. पट्टा थांबला. पट्ट्यावरची खोकी होती तशीच राहिली, काही उभी, काही आडवी, एक अर्धं बाहेर लटकलेलं.

एक माणूस निघाला नाही. तो पट्ट्यापाशी दाराकडे तोंड करून, हात मागे बांधून उभा राहिला. कोणीतरी येणार आहे आणि आल्यावर काहीतरी सांगायचंय, असा.

दिवे मंद झाले. माल भरणाऱ्या गाड्या, ज्यांना चालक नसतो, आपापल्या कोपऱ्यातून सुटल्या, आणि जमिनीवर माणूस आहे असं कळताच जिथल्या तिथे थिजल्या. एक नाही, सगळ्या. गोदामभर. भिंतीवर लाल दिवा लागला आणि विझेना.

वरच्या काचेच्या खोलीतून लाईन लीडर बाईंनी खाली बघितलं आणि कपाळावर हात मारला. खाली उभा होता तो त्यांचा नवरा.

त्याआधी

त्याआधी या गावात काच होती. बाटल्या व्हायच्या, औषधाच्या, सरबताच्या, तेलाच्या, आणि ज्या भट्टीतून त्या यायच्या ती रात्रंदिवस पेटलेली असायची, कारण काच एकदा भट्टीत थिजली की भट्टी गेली. मग सरबतवाल्यांनी प्लास्टिक घेतलं, मग औषधवाल्यांनी, मग मालकाने सांगितलं की दुरुस्तीसाठी भट्टी थोडे दिवस बंद ठेवतोय, आणि ते थोडे दिवस अजून चालूच आहेत. आणि माणसं इकडची तिकडे झाली, म्हणजे बाटल्या उजेडात धरून तडे शोधणारी बाई कानाला यंत्र लावून लोकांच्या तक्रारी ऐकू लागली, साचे घासणारा केस कापू लागला, क्रेनवाला परगावी जाऊन परक्यांच्या आईवडिलांना अंघोळ घालू लागला आणि म्हणू लागला की क्रेन बरी होती, ती चावत नव्हती. लेबलं चिकटवणारी लेबलताई खोकी चिकटवायला गोदामात गेली, निळ्या काचेचा चष्मा लावून भट्टीत डोकावणारा गॉगल गोदामाच्याच फाटकावर शिट्टी घेऊन उभा राहिला, आणि भट्टीवाला घरी बसला.

घरी बसला म्हणजे खरंच बसला. खिडकीशी खुर्ची होती, तिच्यात.

बायको कारखान्यात कधीच नव्हती. ती घरी पडदे शिवायची. गोदाम उघडलं तेव्हा त्यांना चपळ बोटं हवी होती, अनुभव नको होता. ती गेली, टिकली, वर चढली, केशरी जाकीट मिळालं. मग तिने साहेबांच्या हातापाया पडून नवऱ्याला आत घेतलं. परीक्षेवर. परीक्षेची मुदत संपली की लाईन लीडरने हो किंवा नाही म्हणायचं. हो म्हटलं की कायम. नाही म्हटलं की गॉगलच्या फाटकातून बाहेर.

तिच्या पगारावर घर चालायचं. त्याच्या पगारावर त्याची मान ताठ राहणार होती. तिला तेवढंच हवं होतं, तो खुर्चीतून उठायला हवा होता.

अहो

नियम असा की गोदामात माणसाला त्याच्या जागेच्या आकड्याने हाक मारायची. पहिल्याच दिवशी तिने काचेच्या खोलीतून माईक तोंडाशी धरला आणि सवयीने बोलून गेली:

“अहो, जरा डावीकडचं बघा की!”

कर्ण्यांनी ते ‘अहो’ छतापर्यंत नेलं. सगळा मजला हसत सुटला. तेव्हापासून त्याचं नाव अहो. पोरंसोरंही म्हणायची, “अहो, ते खोकं द्या ना.” लेबलताई तर लाजत पदर सावरल्यासारखं करून म्हणायची, “अहो, ऐकलंत का?” तिच्या जाकिटाला पदर कुठला, तरी.

तो हसायचा. भट्टीवाला हसतोय हे बऱ्याच जणांनी बऱ्याच दिवसांनी पाहिलं.

घरी सासूबाई म्हणाल्या, “कामावर हिला मॅडम म्हणायचं, घरात माझं ऐकायचं. तुला मोकळीक कुठे रे? न्हाणीघरात?”

“तिथेही तू बाहेरून ओरडतेसच ना.”

“पाणी वाया घालवतोस म्हणून.”

दुपारी, स्वयंपाकघरात, तो आणि ती

“दुसऱ्यांदा झालं हे. सगळा मजला थांबला. साहेब मला बोलले.”

“मी कुठे काय केलं? मी नुसता उभा होतो.”

“तेच तर. भोंगा झाला की निघायचं.”

“आणि पट्ट्यावर माल होता तो?”

“असू दे.”

“अगं, असू दे काय? मी पाठ फिरवून चालू पडायचं? पुढच्याला कोण सांगणार कुठे काय आहे ते?”

“पुढचा कोणी नसतो. आधी गाड्या येतात. गाड्यांचं झालं की मग दुसरी पाळी.”

“मग गाड्यांना कोण सांगतं?”

“कोणी नाही सांगत! त्यांना नाही लागत सांगायला!”

“असं कसं,” तो म्हणाला. चिडून नाही. त्याला खरंच कळत नव्हतं.

भट्टीवर रीत होती. पुढचा माणूस यायचा, भट्टीच्या दारासमोर उभा राहायचा. जाणारा त्याला सगळं सांगायचा, ज्वाला कशी आहे, काच किती खाली आहे, कुठली वीट लाल दिसते. ऐकून झालं की येणारा म्हणायचा, “घेतली.” तो शब्द कानावर पडल्याशिवाय कोणी दार सोडत नसे. ताप असो, पाऊस असो, घरी मयत असो. मुलगी झाली तेव्हा हिला कळा सुरू झाल्याचा निरोप त्याला मिळाला होता, आणि तो ‘घेतली’ ऐकूनच आला होता, तेव्हा मुलगी रडून झोपली होती. बायकोने ते वर्षानुवर्षं ऐकवलं. आता मुलगी लग्न होऊन लांब गेली, आणि ते ऐकवणंही बंद झालं.

“पुन्हा झालं तर मला नाही म्हणावं लागेल,” ती म्हणाली. “कळतंय ना?”

“कळतंय.”

“मग?”

“पाय हलत नाहीत गं,” तो म्हणाला. “मी त्यांना सांगतो चला म्हणून.”

युक्ती

दुसऱ्या दिवशी भोंग्याच्या जरा आधी ती काचेच्या खोलीतून खाली उतरली. त्याच्या पट्ट्यासमोर जाऊन उभी राहिली, केशरी जाकीट घातलेली, हात मागे बांधून.

“सांगा,” ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे बघितलं. ती थट्टा करतेय का ते बघितलं. मग सांगितलं: मागच्या कप्प्यात काचेचं सामान आहे, त्यावर जड काही ठेवू नये. डावीकडचा रोलर अडतो, तेव्हा कोणीही हात घालून सोडवायला जाऊ नये, आधी पट्टा बंद करावा.

“घेतली,” ती म्हणाली.

त्याचे खांदे खाली आले. भोंगा वाजला आणि तो सगळ्यांबरोबर निघाला, कोणाच्या तरी कोपराला कोपर मारत.

तो वळणाआड गेल्यावर ती दहा-बारा श्वास थांबली असेल. मग तीही निघाली. मजला रिकामा व्हायलाच हवा होता. गाड्या आल्या, गाड्यांनी काम केलं, लाल दिवा लागला नाही.

बरे दिवस

खुर्ची रिकामी राहू लागली. सासूबाईंनी तिच्यावर वाळलेले कपडे टाकायला सुरुवात केली आणि कोणी हरकत घेतली नाही.

तो जेवायचा. झोपायचा, घोरायचासुद्धा. गॉगल फाटकावर अडवून म्हणायचा, “काय अहो, मॅडम सोडतात का वेळेवर?” आणि तो म्हणायचा, “सोडतात, पण पगार घरीच कापतात.” त्याचा हात पट्ट्यावर इतका चालू लागला की साहेबांनी स्वतः खाली येऊन बघितलं. साहेब तरुण होते, आवाज चढवत नसत. “ताई,” ते तिला म्हणाले, “तुमचा हो मी आत्ताच लिहून ठेवतो.”

ती खूश होती. कित्येक वर्षांत इतकी खूश नव्हती. रोज भोंग्याआधी खाली जायचं, तो काहीतरी सांगणार, आपण ‘घेतली’ म्हणायचं. पहिले काही दिवस तिने कान देऊन ऐकलं. मग नवऱ्याचं बोलणं जसं ऐकतात तसं ऐकू लागली, मान हलवत, मनात दुसरंच काही. रोलर अडतो. हं. रोलर जास्तच अडतो. हं. आज दोनदा अडला, रोलर बदलायला सांग. हं, घेतली.

दुरुस्तीवाल्यांना बोलवायचं म्हणजे पट्टा बंद, पट्टा बंद म्हणजे वरच्या पडद्यावर तिच्या लाईनचा आकडा खाली, आणि आकडा वर होता म्हणून तर साहेबांच्या तोंडी हो आला होता. सांगू, तिने ठरवलं होतं. मुदत संपली की सांगू. एकदा तो कायम झाला की लगेच—

कर्णा

लक्ष द्या. पट्टा बंद. लाईन पट्टा बंद. कोणीही जागा सोडू नका. प्रथमोपचार. प्रथमोपचार पेटी कुठे आहे? अरे माईक चालू आहे. लक्ष द्या. घाबरू नका. दुसऱ्या पाळीच्या लोकांनी फाटकाकडे जावं. धावू नका. धावू नका म्हटलं ना.

काय झालं ते

लेबलताईची पाळी त्या आठवड्यात बदलली होती; दुसऱ्या पाळीला त्या जागेवर ती होती. रोलर अडला. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. तिने हात घातला.

उजवा हात, दोन बोटं.

काचेची खोली

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आधी त्याला आत घेतलं, मग तिलाही बोलावलं. ती आली तेव्हा तो खुर्चीवर न बसता खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता.

“हे म्हणतात, रोलरचं रोज सांगितलं,” साहेब म्हणाले. “कोणाला, म्हटलं, तर म्हणतात, मॅडमना. मॅडमनी घेतली. म्हणजे काय ते मला कळलं नाही, पण ते जाऊ दे. ताई, नीट आठवा. यांनी तुम्हाला सांगितलं होतं का? सांगितलं असेल तर जबाबदारी तुमची. नसेल तर यांची. मला वर एकच नाव पाठवायचंय, आणि खरं सांगू, मला तुम्हाला घालवायचं नाही.”

तो तिच्याकडे बघत नव्हता. त्याला बघायची गरजच वाटत नव्हती. जे झालं ते ती सांगेल, एवढंच.

‘हो’ म्हटलं असतं तर केशरी जाकीट गेलं असतं आणि तो कायम झाला असता. पण लीडर गेली की तिने आत आणलेली माणसंही मागोमाग जातात, हे तिने पाहिलं होतं. मग दोघं घरी. खिडकीशी दुसरी खुर्ची.

‘मला आठवत नाही’ म्हणता आलं असतं. साहेबांनी पुन्हा विचारलं असतं, आठवा म्हटलं असतं, आणि त्याने शेजारी उभं राहून आठवण करून दिली असती, मदत म्हणून, रोलर गं, डावीकडचा—

“नाही,” ती म्हणाली.

“नाही म्हणजे?”

“रोलरचं मला काही सांगितलं नव्हतं.”

आता त्याने बघितलं. डोळे बारीक करून, उजेड सहन होत नसल्यासारखं. साहेब त्याच्याकडे वळले. “तुम्हाला काही म्हणायचंय?”



“मॅडम म्हणतात तसं,” तो म्हणाला आणि गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं, सावकाश, आवाज होऊ न देता.

घर

ती घरी पोचली तेव्हा तो आला नव्हता. सासूबाईंना गॉगलकडून सगळं कळलं होतं. तो आला, चपला काढल्या, आणि त्याने पाणी प्यायच्या आत त्यांनी विचारलं.

“काय रे, सांगितलं का नाहीस?”

“विसरलो.”

“तू?”

“विसरलो म्हणतोय ना, आई.”

सासूबाईंनी मुलाकडे बघितलं. मग सुनेकडे बघितलं, ती भात वाढत होती आणि ताट भरलं तरी वाढतच होती. त्यांच्याकडे कुठल्याही प्रसंगाला टोमणा असायचा. लग्नात, आजारात, कोणाच्या मयतीलाही त्यांनी एक मारला होता.  आज मात्र त्या खुर्चीवरचे कपडे उचलून बाहेरच्या खोलीत गेल्या.

खुर्ची रिकामी झाली. तो तिच्यात बसला नाही. ओट्याला टेकून उभा राहिला.

“लेबलताईकडे जाऊन आलो.”

“कशी आहे?”

“हसत होती. म्हणते, आता फोनवर तक्रारी ऐकायची नोकरी बघते, तिथे बोटं लागत नाहीत.” त्याने पाण्याचा तांब्या उचलला आणि तसाच ठेवला. “मग रडली. मला विचारत होती, रोलर असा कसा अडला म्हणून.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“काय म्हणणार? चहा प्यायलो.”

तिने ताट खाली ठेवलं. “मी उद्या साहेबांना खरं सांगते.”

“नको.”

“सांगते मी.”

“नको म्हटलं ना. तूही घरी बसलीस तर आई आपल्या दोघांना खाईल.” तो हसायला गेला, पण ते जमलं नाही. “गॉगल म्हणतो, भट्टी फोडायला माणसं हवीत. त्या जागेवर दुसरं गोदाम येतंय. आतल्या विटा कुठून सुटतात ते मला माहीत आहे. काही दिवसांचं काम आहे, पण आहे.”

“अहो—”

“एक सांग फक्त.”

“विचारा ना.”

“मी वळणाआड गेलो की तू काय करायचीस?”

खोटं बोलायला हरकत नव्हती. आज एकदा बोललीच होती.

“निघायचे,” ती म्हणाली.

“लगेच?”

“थोडं थांबून.”

“रोज?”

“रोज.”

त्याने मान हलवली. ओट्यावरचा ओला फडका उचलला, पिळला, घडी केली, पुन्हा उलगडला.

“आणि मी तिकडे घोरत पडायचो,” तो म्हणाला. “कशाच्या जोरावर गं?”

  बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, कोणाला तरी, कदाचित नुसताच भिंतीला: “जेवण गार होतंय.”

पुढचा माणूस

रोलर नवा बसवला. पट्टा चालू झाला. त्या जागेवर साहेबांनी एक तरुण पाठवला. तो फोनवर तक्रारी ऐकायच्या ऑफिसातून आला होता. ते ऑफिस आवरतंय, तक्रारी आता यंत्र ऐकतं. त्याचा हात अजून अधूनमधून कानाकडे जायचा.

“मॅडम,” त्याने खोकं उचलता उचलता विचारलं, “इथे आधी कोण होतं?”

“होते एक.”

“का काढलं?”

आजूबाजूचे हात हळू झाले. ते सगळे अहोला ओळखत होते, लेबलताईला ओळखत होते, आणि तिला ओळखत होते. ती त्यांच्याकडे न बघता बोलली. दुसऱ्यांदा बोलताना ते खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं, आणि ते सोपं गेलं हे तिला कळलं.

“रोलर बिघडल्याचं सांगितलं नाही.”

“एवढंही सांगता येईना?” तरुण हसला. “मूर्खच दिसतो.”

कोणी हसलं नाही. तरुणाने इकडेतिकडे बघितलं, आपण काय चुकलो ते शोधत.

“खोकं उचला,” ती म्हणाली. “मागे साचतायत.”